जुनी नौका आणि फावला वेळ

मनुष्य पोटासाठीं जें काम करितो त्याचा नैतिक विचार आजपर्यंत पुष्कळ झाला आहे. परंतु पोटाचा प्रश्न सुटल्यावर उरलेल्या वेळांत तो जें काम करितो, त्याकडे नीतिशास्त्रज्ञांचें लक्ष तितकेंसें गेलेलें नाहीं. पोटाच्या कामाला धनी असतो, वेतन असतें आणि चुकल्यास दंड असतो. फावल्या वेळांतील कामाला ह्यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून तें काम नीतीच्या कक्षेबाहेरचें, केवळ आवडीनिवडीचें आहे, अशी समजूत रूढ झाली आहे. कोणी तिकिटें जमवितो, कोणी गुलाब वाढवितो, कोणी शिडाची जुनी नौका विकत घेऊन तिची डागडुजी करीत बसतो. ज्याचें सुख त्यास, असें म्हणून आपण पुढें जातों. मलाहि कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत असेंच वाटे. एका जुन्या नौकेनें माझें तें मत बदललें. तें कसें, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

माझे एक स्नेही मूळचे मालवणकडचे. नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडांत जाऊन तेथेंच स्थायिक झालेले. लंडनच्या ईशान्येस एसेक्स परगण्यांत ब्लॅकवॉटर नांवाची खाडी आहे. ओहोटी लागली कीं तिच्या कांठचा विस्तीर्ण चिखल उघडा पडतो आणि लहानमोठ्या नौका त्यांत कुशीवर पडून राहतात. अशाच एका कांठच्या आवारांत, ताडपत्रीखालीं, २८ फूट लांबीची एक शिडाची नौका माझ्या स्नेह्यांच्या दृष्टीस पडली. १९३० नंतरच्या दशकांत बांधलेली. ओकच्या फासळ्या, त्यांवर पाइनच्या फळ्या, जोडणीला तांब्याचे खिळे. आवाराचें भाडें थकल्यामुळें मालकाला ती नकोशी झाली होती. चांगली सायकल ज्या किंमतींत येते त्या किंमतींत ती ह्यांच्या गळ्यांत पडली. सोमवार ते शुक्रवार कचेरी आणि शनिवार नौकेचा, असा क्रम सुरू झाला. तो आठ वर्षें चालला. मी दोन तीन वेळां त्यांच्याकडे उतरलों असतांना माझेहि कांहीं शनिवार त्या आवारांत गेले. रंधा मला येत नव्हता. फळीचें दुसरें टोंक धरण्यापुरता मी उपयोगी होतों.

त्या निमित्तानें लांकडाविषयीं मला ज्या गोष्टी समजल्या त्या विचार करण्याजोग्या आहेत. समुद्राचें पाणी नौकेला खातें अशी आपली कल्पना असते. उष्ण समुद्रांतील लांकूड पोखरणारा किडा सोडला, तर खारें पाणी लांकडाला बव्हंशीं राखतें; त्याचा घात करितें तें पावसाचें गोडें पाणी. डेकच्या एखाद्या फटींतून तें थेंब थेंब आंत उतरतें, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यांत मुरतें, आणि बुरशी धरून लांकूड आंतल्या आंत मऊ होतें. वरचा रंग मात्र शाबूत राहतो. ओकमध्यें लोखंडी खिळा ठोकला तर ओकच्या आम्लानें लोखंड गंजतें आणि त्या गंजानें पुन्हां ओक कुजतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत नवल वाटण्यासारखी होती. नौका किनाऱ्यावर ओढून जपून ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहते असें नाहीं. तिच्या फळ्या सुकतात, आकसतात, आणि सांधी उघड्या पडतात. पुन्हां पाण्यांत सोडली कीं प्रथम ती ठिकठिकाणीं गळते. मग फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधी आपोआप मिटतात. ज्या पाण्यापासून तिला जपावयाचें, तेंच पाणी तिला सांधून धरतें.

आतां अशा नौकेची एक एक फळी बदलत गेली कीं तत्त्वज्ञांचा एक जुना प्रश्न उभा राहतो. थीसियस ज्या नौकेंतून क्रीटहून परत आला, ती अथेन्सच्या लोकांनीं शतकानुशतकें जतन केली, असें प्लूटार्कनें लिहून ठेवलें आहे. कुजलेली फळी काढावी, तिच्या जागीं नवी बसवावी, असें करतां करतां वाद माजला, कीं ही नौका तीच कीं दुसरी? सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवून कोणी त्यांचीच दुसरी नौका जोडली, तर दोहोंपैकीं थीसियसची कोणती? आपल्याकडे ‘मिलिंदपञ्हा’ ह्या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षूनें मिलिंद राजाला रथाविषयीं असेंच अडचणींत धरलें आहे: आंस म्हणजे रथ नव्हे, चाकें म्हणजे रथ नव्हेत, मग रथ कोठें आहे? त्याच ग्रंथांत दिव्याचा दृष्टांत आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरींची ज्योत आणि शेवटल्या प्रहरींची ज्योत एक नव्हे. पण म्हणून ते दोन दिवेहि नव्हेत. हॉब्जच्या पेंचापेक्षां नागसेनाचा हा दिवा मला अधिक जवळचा वाटतो. दिवा म्हटला कीं त्यांत रात्रभर तेल घालणारा कोणी तरी आलाच. आणि फळ्यांच्या वादांत नेमका त्याचाच विसर पडतो.

तेल घालणाऱ्याच्या बाजूनें ह्या प्रश्नाला उत्तर देणारा एक मनुष्य होऊन गेला. जोशुआ स्लोकम हा १८४४ सालीं नोव्हा स्कोशियांत जन्मलेला, शिडाच्या जहाजांवर उभी हयात घालविलेला कप्तान. वाफेच्या जहाजांच्या युगांत त्याच्या विद्येला गिऱ्हाईक उरलें नाहीं. १८९२ च्या हिवाळ्यांत तो बोस्टन येथें रिकामा असतांना देवमाशांच्या शिकारीवर जन्म काढलेल्या एका वृद्ध कप्तानानें त्याला एक जहाज देऊं केलें. थोडी दुरुस्ती हवी, एवढेंच सांगितलें. हा फेअरहेवन गांवीं जाऊन पाहतो तों एका शेतांत टेकू देऊन, वर कापड झांकून ठेवलेली ‘स्प्रे’ नांवाची एक पुरातन नौका! हा ती मोडावयास आला असावा, असा गांवकऱ्यांचा तर्क. ती पुन्हां बांधावयाची आहे हें ऐकल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला, ‘परवडेल का?’ स्लोकमनें ओक तोडून नवा कणा घातला, फासळ्या वाफेवर मऊ करून वांकविल्या, पाइनच्या फळ्या बसविल्या. मधून मधून तो शिकारी जहाजांवर मिळेल तें काम करी आणि त्या पैशांत आपलें काम पुढें नेई. १३ महिने गेले. साहित्याला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. मग २४ एप्रिल १८९५ रोजीं बोस्टनहून निघून, ४६,००० मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा एकट्यानें पुरी करून, २७ जून १८९८ रोजीं तो न्यूपोर्टला पोंचला. त्याच्यापूर्वीं असें कोणीं केलें नव्हतें.

१९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत थीसियसचा प्रश्न त्यानें चार ओळींत निकालांत काढला आहे. ‘स्प्रे’ इतक्या हळूहळू पालटत गेली कीं जुनी कोठें संपली आणि नवी कोठें जन्मली हें सांगतां येणार नाहीं, आणि त्याची मातब्बरीहि नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. वर तो विमेवाल्या लॉइड्सच्या नियमाचा हवाला देतो, कीं दुरुस्त होत होत जहाज संपूर्ण नवें झालें तरी तें तेंच जहाज राहतें. ह्या उत्तरांत बेफिकिरी आहे असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. ‘ही तीच नौका का?’ हा पाहणाऱ्याचा प्रश्न आहे. करणाऱ्यापुढें प्रत्येक सकाळीं निराळाच प्रश्न असतो: ‘ह्या फळीवर मला उद्यां जीव ठेवतां येईल का?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर वादांत हार होते. दुसऱ्याचें चुकलें तर मनुष्य बुडतो. म्हणून पहिला प्रश्न तर्काचा आणि दुसरा नीतीचा. नौका तीच राहते ती लांकडामुळें नव्हे. प्रत्येक फळीच्या बाबतींत कोणी तरी हा दुसरा प्रश्न प्रामाणिकपणें विचारीत राहतो आणि त्या विचारण्यांत खंड पडत नाहीं, म्हणून ती तीच राहते.

जुन्या वस्तूवर प्रेम करणारे ह्यावर एक आक्षेप घेतील. ते म्हणतील, अशानें मूळचें कांहींच शिल्लक राहणार नाहीं. त्यापेक्षां ती आहे तशी, न वापरतां, जपून ठेवावी. ह्या मताची परीक्षा एकदां प्रत्यक्षच झाली आहे. १९६६–६७ सालीं फ्रान्सिस चिचेस्टर ह्यांनीं ‘जिप्सी मॉथ फोर’ ह्या नौकेंतून एकट्यानें, वाटेंत फक्त सिडनीला मुक्काम करून, पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढें ती नौका सन्मानपूर्वक ग्रिनिच येथें कोरड्या जागीं प्रदर्शनार्थ ठेवण्यांत आली. लोकांनीं ती डोळे भरून पाहिली. आणि पाहतां पाहतां ती वर्षानुवर्षें खंगत गेली. अखेर तिची मोठी दुरुस्ती करून २००५ सालीं ती पुन्हां समुद्रांत सोडावी लागली. दुसऱ्याच वर्षीं पॅसिफिक महासागरांत रांगिरोआच्या प्रवाळखडकावर ती आदळली, जबर जखमी झाली, दुरुस्त झाली आणि २००७ सालीं प्रदक्षिणा पुरी करून घरीं आली. कोरड्या जागेंतील मानापेक्षां खडकाचा घावच तिला अधिक मानवला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु घाव बसल्याबरोबर धांवून जाणारे लोक तिला मिळाले ते ती समुद्रांत होती म्हणून, ही गोष्ट खरी आहे.

येथपर्यंतचा विचार मी मोठ्या समाधानानें करीत होतों. माझ्या स्नेह्यांच्या नौकेनें त्याला एक असें वळण दिलें कीं तें समाधान टिकलें नाहीं.

आठव्या वर्षींच्या वसंतांत नौका पाण्यांत सोडण्याचा दिवस ठरला. यारीची व्यवस्था झाली. काम सुरू झालें तेव्हां त्यांची कन्या दहा वर्षांची होती. आतां ती अठरा वर्षांची झाली होती आणि उन्हाळा संपतांच शिक्षणासाठीं परगांवीं जाणार होती. ‘तूं जाण्यापूर्वीं एक उन्हाळा आपण तिघें नौकेवर काढूं,’ असा शब्द बापानें तिला दिला होता. आंतला शेवटचा रंग देण्यापूर्वीं त्यांनीं निजण्याच्या फळीमागें हात घालून सहज पेचकस टोंचून पाहिला. तो लोण्यांत जावा तसा आंत गेला. तो भाग चांगला म्हणून आठ वर्षें त्यांनीं सोडून दिला होता. पूर्वींच्या कोणा मालकानें कुजलेल्या फासळ्यांभोंवतीं सिमेंट ओतून, वर रंगारी भरतात ती लांबी भरून, पांढरा रंग फांसला होता. सिमेंट खरवडल्यावर सात फासळ्या निकामी निघाल्या.

मी त्या दिवशीं तेथें होतों, आणि मीं त्यांना जो सल्ला दिला तो लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. मीं म्हटलें, “आठ वर्षें थांबलांत. आतां हा उन्हाळा खाडींतल्या खाडींत हिंडा. पुढच्या हिवाळ्यांत फासळ्या बदला. कोणाला दिसणार आहे? आणि मुलीला दिलेला शब्द मोठा, कीं फासळी मोठी?”

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “ज्यानें हें सिमेंट ओतलें, त्यानेंहि स्वतःशीं एकच उन्हाळा मागितला असेल.”

ह्या उत्तरावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. पगारी कामांत लबाडी केली तर ती उघडकीस आणण्यासाठीं वरचा अधिकारी असतो. येथें अधिकारी नाहीं, गिऱ्हाईक नाहीं, शेजारी पाहत नाहीं. फासळी कुजकी आहे हें एकट्यालाच ठाऊक. म्हणूनच फावल्या वेळांतील काम ही सचोटीची अधिक कडक परीक्षा आहे. जेथें भय आहे तेथें प्रामाणिकपणाचें श्रेय भयाबरोबर वांटून घ्यावें लागतें. येथें वांटेकरी कोणी नसतो. माझ्या स्नेह्यांनीं यारीवाल्याला निरोप पाठवून दिवस रद्द केला. ह्या परीक्षेंत ते उतरले, असें मी मनांत म्हटलें आणि माझ्या लेखाला एक चांगला शेवट मिळाला असेंहि वाटलें.

संध्याकाळीं घरीं जेवावयास बसलों तेव्हां हकीकत निघाली. वहिनींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग माझ्या पानांत भात वाढतां वाढतां त्या म्हणाल्या, “भाऊजी, नौकेच्या कोणत्या फासळ्या गेल्या तें ह्यांना आज समजलें. शनिवारीं ह्या घरांत कोण नसतें, तें आम्हांला आठ वर्षें ठाऊक आहे.” बोलण्यांत राग नव्हता. मुलगी खालीं मान घालून जेवत होती.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. ‘फावला वेळ’ हा शब्दप्रयोग आपण किती सहज करितों! पण ‘फावणें’ ह्या क्रियापदांत एक खोंच आहे. एखाद्याचें फावलें असें आपण म्हणतों, तेव्हां दुसऱ्या कोणाचें तरी हुकलेलें असतें. दिवसाचे तास कोणाच्याच घरीं जास्त उगवत नाहींत. बापाला फावलेला शनिवार हा कोणाच्या तरी वांट्याचा होता. तो विचारून घेतलेला नव्हता, आणि नाकारण्याची पाळीहि कोणावर आणली नव्हती. स्लोकमच्या पुस्तकांतहि घरच्या माणसांना फार थोडी जागा आहे. हें मीं पूर्वीं वाचलें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

मग प्रश्न असा कीं माझ्या स्नेह्यांचें चुकलें काय? फासळ्या बदलण्याचा निर्णय चुकीचा होता, असें मला आजहि वाटत नाहीं. कुजलेल्या लांकडावर मुलीला बसवून दिलेला शब्द पाळणें म्हणजे शब्दाचें टरफल पाळणें होय. परंतु त्या दिवशीं दोन कर्तव्यें एकमेकांसमोर उभीं राहिलीं, तो दोष त्या दिवसाचा नव्हता. आठ वर्षें तो हळूहळू मुरत होता. गोडें पाणी मुरतें तसा, वरच्या रंगाला धक्का न लावतां. नौकेच्या बाबतींत जो मनुष्य ‘येथें आंत काय चाललें आहे?’ असें फळीगणिक विचारीत होता, त्यानें घराच्या बाबतींत तो प्रश्न विचारला नाहीं, कारण घर वरून चांगलें दिसत होतें. वस्तूविषयींची सचोटी मनुष्याला माणसांविषयींच्या सचोटीकडे आपोआप घेऊन जाते असें आपण मानतों. ती तशी नेत नाहीं. कित्येकदां ती माणसांपासून सुटण्याची एक प्रतिष्ठित वाट होते.

ह्यावरून फावल्या वेळांतील असले उद्योग टाकून द्यावे, असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. पण तो मला मान्य नाहीं. ज्या घरांत कोणालाच कशाचा ध्यास नाहीं तें घर सुखी असतें असा अनुभव नाहीं. मला जें म्हणावयाचें आहे तें पुढच्या हकीकतींतून अधिक स्पष्ट होईल.

नव्या फासळ्या बसविण्याचें काम एकट्याचें नव्हे. ओकची पट्टी इंचभर जाडीला सुमारें तासभर ह्या हिशोबानें वाफेच्या पेटींत ठेवावी लागते, आणि बाहेर काढल्यावर मिनिटाच्या आंत वांकवून जागेवर दाबावी लागते. उशीर झाला कीं ती ताठरते आणि मोडते. त्यानंतर तांब्याचे खिळे. खिळा बाहेरून ठोकला कीं त्याच्या डोक्यावर बाहेरच्या माणसानें जड लोखंड दाबून धरावयाचें. आंतल्या माणसानें खिळ्याच्या टोंकावर तांब्याची चकती चढवून, वाढीव टोंक तोडून, उरलेलें हलक्या हातोडीनें ठोकून पसरवावयाचें. मध्यें फळी असते, दोघांना एकमेकांचें तोंड दिसत नाहीं. लोखंड नीट दाबलें आहे कीं नाहीं हें आंतल्याला ठोक्याच्या आवाजावरूनच कळतें. पूर्वीं असें काम निघालें कीं माझे स्नेही आवारांतल्या मजुराला तासाच्या बोलीवर बोलावीत. घरीं विचारावें हें त्यांना सुचलेंच नव्हतें. ह्या वेळीं त्यांनीं विचारलें. पहिल्या शनिवारीं मुलगी ‘नाहीं’ म्हणाली. दुसऱ्या शनिवारीं आली. वहिनी तिसऱ्या कीं चौथ्या शनिवारीं आल्या आणि वाफेच्या पेटीवर घड्याळ लावून बसल्या. त्या उन्हाळ्यांत बापलेक, एक आंत आणि एक बाहेर, असे फळीच्या दोन बाजूंना होते. त्यांच्यांत बोलणें काय झालें तें मला ठाऊक नाहीं. ठोकाठोक पुष्कळ झाली.

हा गोड शेवट आहे असें वाचकांनीं समजूं नये. पुढच्या वसंतांत नौका पाण्यांत गेली, त्या दिवशीं परीक्षेमुळें मुलगी येऊं शकली नाहीं. तिघांनीं नौकेवर काढावयाचा तो उन्हाळा परत आला नाहीं, आणि आधींचीं आठ वर्षें तर नाहींच नाहीं. कुजलेली फासळी बदलतां येते. गेलेला शनिवार बदलतां येत नाहीं. परंतु विचारून घेतलेला वेळ आणि न विचारतां घेतलेला वेळ ह्यांतला फरक त्या घराला समजला, एवढें खरें.

नौकाहि कायमची वांचली असें नाहीं. स्लोकमची ‘स्प्रे’ इतक्या प्रेमानें बांधलेली. पण १९०८–०९ च्या सुमारास तो तिच्यासह समुद्रावर गेला तो परत आला नाहीं. जुन्या वस्तूची दुरुस्ती म्हणजे काळावर विजय नव्हे. जहाजावर रात्रींचे पहारे वांटून घेतात, तसा आपल्या वांट्याचा पहारा आपण करावयाचा आणि पुढच्याला उठवून त्याच्या हातीं नौका द्यावयाची. त्याला देतांना फासळ्यांत सिमेंट असूं नये, आणि आपल्या पहाऱ्याचे तास कोणाच्या झोंपेंतून चोरलेले असूं नयेत. ह्या दोन्ही अटी सारख्याच महत्त्वाच्या आहेत, आणि पहिलीच्या अभिमानांत दुसरीचा विसर पडतो.

माझ्या स्नेह्यांचें पत्र आलें होतें. नौका पाण्यांत सोडल्यावर अपेक्षेप्रमाणें ती सांध्यांसांध्यांतून गळूं लागली. दोन रात्री नवराबायको पाळीपाळीनें पंप मारीत जागलीं. तिसऱ्या दिवशीं फळ्या फुगल्या आणि गळती थांबली. त्यांनीं मुलीला तसें कळविलें. तिचें उलट उत्तर आलें, त्यांत एकच प्रश्न होता: ‘आपल्या सात फासळ्यांच्या बाजूला पाणी किती आलें?’

‘आपल्या’ हा शब्द त्यांनीं मला पत्रांत अधोरेखित करून लिहिला आहे.